दाखला कुठपर्यंत पोचतो?

मालीचा सम्राट मान्सा मुसा हा जगाच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस होता, आजच्या हिशेबाने त्याची संपत्ती 400 अब्ज डॉलर भरली असती, आणि 1324 साली हजला जाताना साठ हजार माणसांचा तांडा घेऊन त्याने कैरोत इतके सोने उधळले की इजिप्तची अर्थव्यवस्था बारा वर्षे सावरली नाही. ही माहिती यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि नावाजलेल्या वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवरही जवळजवळ सारख्याच शब्दांत सापडते. इतक्या ठिकाणी तीच गोष्ट दिसली की ती खरीच असणार, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण तिच्यातले एकेक विधान सुटे करून मागे मागे जात राहिले, तर आपण तीन अगदी वेगळ्या ठिकाणी पोचतो. 400 अब्जांचा आकडा 2012 साली प्रसिद्ध व्यक्तींच्या संपत्तीचे अंदाज छापणाऱ्या एका अमेरिकन संकेतस्थळावरून पसरला. मुसाच्या मालमत्तेची मोजदाद सांगणारा एकही समकालीन कागद उपलब्ध नाही, तेव्हा तिचे डॉलर करायला मुळात आधारच नाही. साठ हजारांचा तांडा येतो तो टिंबक्टूच्या अस-सादीने लिहिलेल्या ‘तारीख अस-सुदान’ या ग्रंथातून. तो 1655 च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर सव्वातीनशे वर्षांनी लिहिलेला. सोन्याच्या भावाची हकिकत मात्र अल-उमरी या इजिप्तच्या मामलूक दरबारातल्या लेखकाची आहे. मुसा येऊन गेल्यावर साधारण बारा वर्षांनी त्याने ती मुसाला प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवली.

आणि अल-उमरी नेमके काय सांगतो? मुसा येण्याआधी एका मिस्कालभर सोन्याचा भाव 25 दिरहमांच्या खाली जात नसे, तो आल्यानंतर 22 किंवा त्याहून खाली आला आणि बारा वर्षे चढला नाही. म्हणजे साधारण बारा टक्क्यांची घसरण. सोन्याच्या बाजारात ही मोठी गोष्ट आहे, पण अर्थव्यवस्था कोसळण्याशी तिचा संबंध नाही. नाणी आणि चलनाचे अभ्यासक वॉरन शुल्ट्झ यांनी 2006 साली कैरोतल्या त्या काळच्या भावांच्या इतर नोंदी तपासून असे मांडले की एवढा चढउतार तिथे मुसाशिवायही होत असे. तीन विधाने, तीन वेगवेगळ्या वजनाचे पुरावे, आणि इंटरनेटवर ती एकाच वाक्यात, एकाच ठामपणे येतात. म्हणून एखाद्या खंडाचा इतिहास शोधताना ‘हे संकेतस्थळ विश्वासाचे आहे का’ असे विचारले, तर उत्तर अर्धवटच मिळते. त्याऐवजी ‘हे विधान मागे कुठपर्यंत जाते, आणि हे संकेतस्थळ मला तिथपर्यंत जाऊ देते का’ असे विचारले पाहिजे. दाखला दाखवणारे साधे, जुनाट दिसणारे पान हे दाखला न दाखवणाऱ्या देखण्या पानापेक्षा भरवशाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

मराठी वाचकाला ही कसोटी परकी वाटू नये. वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यामागे हाच आग्रह होता: बखर काय म्हणते ते ऐकावे, पण त्या काळचे अस्सल पत्र समोर असेल तर बखरीने बाजूला सरकावे. पिढ्यान् पिढ्या बखरीत ‘ध’चा ‘मा’ कसा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. अल-उमरी आणि अस-सादी यांच्यातला फरक साधारण त्याच जातीचा आहे. शिवकाळाबद्दल जी चौकशी आपण सहज करतो, ती आफ्रिकेबद्दल करत नाही, कारण तिथे पुरावाच नसणार असे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीतक आपले एकट्याचे नाही. हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर ठेवले आणि 1963 सालीही ह्यू ट्रेव्हर-रोपरसारखा ऑक्सफर्डचा प्राध्यापक व्याख्यानातून तेच म्हणत होता. त्यानंतर वर्षभरातच, 1964 साली, युनेस्कोने ‘आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास’ हा प्रकल्प हाती घेतला. आठ खंड, दोनशेहून अधिक अभ्यासक आणि दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी असलेली देखरेख समिती. हे खंड आज युनेस्कोच्या संकेतस्थळावरून कुणालाही मोफत उतरवून घेता येतात, तरी शोधयंत्रात ते सहसा वर दिसत नाहीत. वर दिसते ते ज्यावर लोक टिचकी मारतात ते.

मोफत काय मिळते आणि काय मिळत नाही, यातच एक मोठा धोका आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. झिम्बाब्वे देशाला ज्यावरून नाव मिळाले त्या दगडी अवशेषांचे, ग्रेट झिम्बाब्वेचे उदाहरण घ्या. चुन्याशिवाय रचलेल्या त्या उंच भिंती आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत उभारल्या. पण 1891 साली सेसिल ऱ्होड्सच्या पाठबळाने तिथे गेलेल्या थिओडोर बेंटने 1892 च्या पुस्तकात त्यांचे श्रेय बाहेरून आलेल्या प्राचीन लोकांना दिले. आफ्रिकी माणसांना हे जमणार नाही, हा त्या काळच्या वसाहतवाल्यांचा सोयीचा समज होता. 1905 साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने उत्खनन करून हे बांधकाम मध्ययुगीन आणि आफ्रिकी असल्याचे सांगितले. 1929 साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सनने तेच अधिक काटेकोरपणे सिद्ध केले. तरीही गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीत, झिम्बाब्वे जेव्हा ऱ्होडेशिया होते तेव्हा, सत्य बोलणे अवघड होते आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला 1970 साली देश सोडावा लागला. आता यातले नेटवर काय सापडते? बेंटचे पुस्तक कधीच स्वामित्वहक्काबाहेर गेले आहे. इंटरनेट आर्काइव्हवर ते चित्रांसकट, एकही पैसा न देता मिळते. गार्लेकचे 1973 चे पुस्तक मात्र हक्काच्या कुंपणात आहे. ज्याला पैसे न देता वाचायचे आहे, त्याच्या हाती खोडून काढलेला सिद्धांत आधी पडतो आणि तो खोडणारे संशोधन नंतर, पडलेच तर. अशा जुन्या पुस्तकातून उचललेला मजकूर एखाद्या चकचकीत संकेतस्थळावर नव्याने छापला गेला की त्याचे वयही दिसेनासे होते.

याचा अर्थ जुने ते खोटे असा नाही. रँडल-मॅकायव्हरचे पुस्तक 1906 चे आहे आणि तेही मोफत उपलब्ध आहे. चूक आणि तिची दुरुस्ती एकाच कपाटात शेजारी शेजारी उभ्या आहेत. म्हणून कुठलेही पान वाचताना पहिली नजर संदर्भांच्या सालांवर टाकावी. आफ्रिकेच्या प्राचीन किंवा मध्ययुगीन काळावरच्या लेखातले सगळे संदर्भ 1930 च्या आधीचे असतील, तर लेख कालच लिहिलेला असला तरी तो वसाहतकाळातला आहे असे समजावे. नव्या संशोधनाने काय हाती येते, याचा एक दाखला आपल्या अगदी घराजवळचा आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या उत्खननांत सापडलेल्या काचमण्यांचे रासायनिक पृथक्करण करून लॉर द्यूसुब्यू, चपुरुखा कुसिंबा, डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या मण्यांची काच आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या मण्यांशी जुळते, असे त्यात दिसते. हा पुरावा एका बाजूने पुण्यात आणि दुसऱ्या बाजूने केनियाच्या किनाऱ्यावर पडताळता येतो.

संकेतस्थळाचे रूप, नाव आणि मांडणी पाहून निर्णय घेण्याची सवय किती दगा देते, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक अभ्यास केला आणि 2017 साली तो मांडला. त्यात 45 जण होते: दहा पीएचडी झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. इतिहासकारांनी समोरचे पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचले आणि त्यांच्यापैकी अनेक जण व्यवस्थित दिसणाऱ्या बोधचिन्हांना, संस्थेच्या भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनीस त्या पानावर फार वेळ थांबलेच नाहीत. त्यांनी नव्या खिडक्या उघडल्या आणि ही संस्था कोणाची, तिच्याबद्दल बाहेरचे लोक काय म्हणतात ते आधी शोधले. ते कमी वेळात बरोबर निष्कर्षाला पोचले. सामान्य वाचकासाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण या कामाला आफ्रिकेच्या इतिहासाची पदवी लागत नाही. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे म्हणून पान सज्जनांचे, ही समजूत तर लगेच सोडून द्यावी; मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे ‘डॉट ऑर्ग’ संकेतस्थळ कित्येक वर्षे एका गोऱ्या वर्णवर्चस्ववादी गटाच्या ताब्यात होते.

मग चांगले संकेतस्थळ कसे असते? ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हे अटलांटिक गुलामव्यापाराचे संकेतस्थळ मला या बाबतीत आदर्श वाटते. डेव्हिड एल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा माहितीसंच आधी 1999 साली सीडीवर आणला, 2008 साली तो सर्वांसाठी नेटवर खुला झाला. सुमारे 36 हजार सफरींच्या नोंदी त्यात आहेत. जहाजाचे नाव, कप्तान, कुठल्या बंदरातून किती माणसे चढवली, किती जिवंत उतरली, हे सफरीवार पाहता येते, आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोणत्या दफ्तरातून घेतली ते लिहिलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागदात सापडलेला आकडा आणि अभ्यासकांनी हिशेबाने काढलेला आकडा तिथे वेगळे ओळखता येतात. जवळपास सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे पोचली, हा अंदाज स्वतंत्र पानावर ‘अंदाज’ म्हणूनच मांडलेला आहे. सुमारे अठरा लाख माणसे वाटेतच मेली, हे वाचताना तो आकडा कुठून आला हे कळणे ही त्या मेलेल्यांविषयीची आपली किमान जबाबदारी आहे. या संकेतस्थळाचीही हद्द आहे. ते अटलांटिकचे आहे. हिंदी महासागर ओलांडून कोकणात आणि दख्खनमध्ये आणल्या गेलेल्या हबशांच्या सफरी त्यात सापडणार नाहीत. तिथे निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याचा शोध घेऊन हात हलवत परतणाऱ्याने असे काही घडलेच नसावे असे समजू नये, एवढेच.

यावर एक आक्षेप नक्की येईल, आणि तो वजनदार आहे. दाखला, तळटीप, दफ्तर यांचाच आग्रह धरला, तर ज्यांच्या हाती लेखणी आणि जहाजे होती त्यांचाच इतिहास विश्वासार्ह ठरेल; ज्यांचा इतिहास ग्रिओंच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या वंशपरंपरागत कथेकऱ्यांच्या, तोंडी पिढ्यान् पिढ्या जगला, त्यांना आपण पुन्हा एकदा इतिहासाबाहेर ढकलू. हा धोका खरा आहे. पण मौखिक परंपरेलाही दाखला असतो: कोणी सांगितले, तो कुठल्या घराण्याचा, कुठल्या गावात आणि केव्हा सांगितले, कोणी टिपून घेतले, दुसऱ्या गावात तीच कथा कशी सांगतात. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी 1961 साली याच चौकशीची शिस्त घालून दिली, आणि युनेस्कोच्या खंडांनी तिला मानाची जागा दिली. ही शिस्त सोडली की काय होते, ते ‘मांदे सनदे’त दिसते. माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता कैता याने 1236 च्या सुमारास कुरुकान फुगा इथे जगातली एक आद्य मानवी हक्कांची राज्यघटना घोषित केली, असे असंख्य पानांवर वाचायला मिळते, आणि आधार म्हणून युनेस्कोचे नाव पुढे केले जाते. युनेस्कोने 2009 साली या सनदेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, हे खरे. पण ती यादी आज जिवंत असलेल्या परंपरेचा गौरव करते. 1236 सालच्या मजकुराची ती खातरजमा नव्हे. आज कलमवार वाचायला मिळणारा 44 कलमांचा मजकूर 1998 साली गिनीतल्या कांकान इथे भरलेल्या कार्यशाळेत ग्रिओंच्या कथनांवरून जुळवला गेला. ती कथने मोलाची आहेतच. मात्र ‘1998 साली ग्रिओंनी असे सांगितले’ आणि ‘1236 साली असे लिहिले गेले’ या दोन विधानांत साडेसातशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर झाकणारे पान, कितीही मोठ्या संस्थेचे नाव घेत असले तरी, त्या मुद्द्यापुरते भरवशाचे नाही.

सरकारी पुराभिलेखांच्या संकेतस्थळांवरही हाच नियम लागू होतो, कारण कागद नसण्यालाही कारण असते. केनियातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यातल्या वृद्धांनी छळाबद्दल ब्रिटिश सरकारवर खटला भरला, तेव्हा 2011 साली सरकारला कबूल करावे लागले की 37 माजी वसाहतींमधून आणलेल्या फायली हॅन्सलोप पार्क इथे वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेआड ठेवल्या होत्या. त्या पुढे 2012 आणि 2013 मध्ये टप्प्याटप्प्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात खुल्या झाल्या, आणि जून 2013 मध्ये 5,228 दावेदारांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड जाहीर झाली. वसाहती सोडताना कित्येक कागद जाळलेही गेले. फायली खुल्या होण्याआधी लिहिलेला केनियाचा इतिहास कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या समोर हे कागद नव्हते. म्हणून चांगले संकेतस्थळ आपल्याकडे काय नाही, हेही सांगते.

आपल्याला सर्वांत जवळच्या आफ्रिकी माणसावर, मलिक अंबरवर, ही सारी पारख करून पाहता येते. त्याचा जन्म कुठे झाला, यावर काही पाने हरार सांगतात, काही दक्षिण इथिओपियातला कंबाटा. असा मतभेद दिसला की आधाराच्या ग्रंथाकडे वळावे: रिचर्ड ईटन यांच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासावरच्या 2005 च्या ग्रंथात अंबरवर एक प्रकरण आहे. त्याच्या काळाच्या जवळचा साक्षीदार हवा असेल तर पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी आहे. तो 1617 साली अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाच्या शॉम्बर्ग केंद्राने हिंदी महासागरातल्या आफ्रिकी लोकांवर केलेले ऑनलाइन प्रदर्शनही सुरुवात करायला चांगले आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र फार जपावे लागते. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात अबुल हसनने साधारण 1616 मध्ये काढलेले एक चित्र आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर धनुष्य ताणून भाल्यावर खोचलेल्या काळ्या मस्तकावर बाण सोडतो आहे, आणि ते मस्तक मलिक अंबरचे आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचे चित्र अस्सल, चित्रकार खरा, काळ बरोबर, तरी चित्रातली घटना कधीच घडली नाही. अंबर त्यानंतर भातवडीची 1624 ची लढाई जिंकला आणि 1626 साली वयाच्या ऐंशीच्या घरात वारला. जहांगीरला तो कधीच सापडला नाही, म्हणूनच हे चित्र काढवून घेतले गेले असावे. अस्सल साधन आणि खरी घटना या वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

सामान्य वाचकाला एवढा वेळ कुठे आहे, असे कुणी म्हणेल. प्रत्येक ओळीसाठी नसतोच, आणि लागतही नाही. जे विधान आपण मुलांना शिकवणार, भाषणात सांगणार किंवा पुढे पाठवणार आहोत, तेवढ्यासाठी दहा मिनिटे काढावीत. विकिपीडियाचा उपयोगही असाच करावा: मजकुरावर थांबू नये, तळटिपांवर उतरावे आणि वाद असेल तर चर्चेचे पान उघडून पाहावे. संवाद करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारले तर त्यांनी दिलेला प्रत्येक ग्रंथ खरोखर अस्तित्वात आहे का, हे ग्रंथालयाच्या सूचीत बघितल्याशिवाय मानू नये, कारण ही साधने न लिहिलेल्या पुस्तकांचेही संदर्भ देतात. जेस्टोरवर नोंदणी करून दर महिन्याला काही शोधनिबंध मोफत वाचता येतात. आफ्रिकेतल्या विद्यापीठांची नियतकालिके ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’वर आहेत आणि तिथले लेख वाचल्याशिवाय आफ्रिकेवरचे वाचन पुरे झाले असे म्हणू नये. पान उद्या नाहीसे होऊ शकते. ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद राहिल्या. म्हणून महत्त्वाच्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर जतन करून ठेवावी.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर युनेस्कोच्या आठ खंडांतला पहिला खंड उतरवून घ्या. जोझेफ की-झेर्बो यांनी संपादित केलेल्या या खंडात राजे आणि लढाया नंतर येतात. आधी आफ्रिकेच्या इतिहासाची साधने कोणती, मौखिक परंपरा कशी तपासावी, यावरची प्रकरणे आहेत. ती वाचा आणि मग मान्सा मुसावरचे कुठलेही पान उघडा.